ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचंय? चाक थांबल्यावर पैसे कोण देतं ते आधी विचार

प्रश्न असा आहे: वय २७, हेवीचं लायसन्स हातात येऊन दोन महिने झालेत, एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं बोलावणं आलंय, आणि मित्र कानाशी लागलाय की दुसऱ्याची गाडी कशाला हाकतोस, लोन काढ आणि स्वतःची घे. "दादा, कंपनीत गाडी चालवायचे फायदे तोटे खरंखरं सांगा." दादा म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो. हेवी गाड्यांच्या धंद्यात मला २२ वर्षं झाली, त्यातली १४ तीन वेगवेगळ्या कंपन्यांत, ५ वर्षं स्वतःची गाडी, आणि शेवटची ३ नव्या पोरांना शिकवण्यात, म्हणजे दोन्हीकडून मार खाऊन झालाय.

सगळी नवीन पोरं ऑफिसात गेली की पहिलं विचारतात किलोमीटरला किती, नाहीतर ट्रिपला किती, आणि ज्याचा आकडा मोठा ती कंपनी चांगली असं धरून चालतात. मीही तेच केलं होतं. पण या धंद्यात गाडी फिरते त्याचा त्रास नसतो रे, उभी राहते त्याचा असतो. माल भरायला नंबर लावून उभं, खाली करायला उभं, कागदात एक आकडा चुकला म्हणून उभं, परतीचा माल मिळत नाही म्हणून उभं. एकदा मी सलग तीन महिने खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं, ड्युटी किती तास आणि त्यात चाक किती तास फिरलं. सरासरी निघाली आठवड्याला ६२ तास ड्युटी, चाक फिरलं ३९ तास. म्हणजे २३ तास मी कंपनीच्या गाडीपाशी, कंपनीचा माल सांभाळत, कुठे जाता येत नाही, धड झोपता येत नाही कारण नंबर कधी पुकारतील नेम नाही, आणि हिशेब किलोमीटरवर म्हणून त्या २३ तासांचे शून्य. त्याच काळात दुसऱ्या कंपनीतला माझा एक जोडीदार किलोमीटरला माझ्यापेक्षा कमी घेत होता, पण त्याच्याकडे दोन तासांच्या वर गाडी अडकली की तासावर पैसे लागायचे, आणि महिनाअखेर तो माझ्या पुढे. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, चाक थांबल्यावर पैसे कोण देतं ते कळलं की कंपनी कळली. फायदे तोटे भरपूर आहेत, सांगतोच, पण त्यातले निम्मे फिरून फिरून इथेच येतात.

आणि हे दुखणं आजचं नाही बरं का. ज्या माणसाने शिपिंग कंटेनर जगभर चालू केला तो माल्कम मॅक्लीन मुळात अमेरिकेतला ट्रकवाला. तो सांगायचा की १९३७ साली कापसाच्या गाठी घेऊन तो न्यू जर्सीत होबोकेनच्या धक्क्यावर गेला, आणि एकेक गाठ उचलून जहाजात चढवतायत ते बघत दिवसभर बसून राहिला, तेव्हा डोक्यात आलं की अख्खी पेटीच का उचलू नये. १९५६ मध्ये त्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि पुढे जहाजं खाली व्हायला दिवसच्या दिवस लागायचे ते तासांवर आलं. जहाज सुटलं, ड्रायव्हर अजून गेटवर बसलेलाच आहे!

नियम काय म्हणतात तेही बघ. अमेरिकेत १० तास सलग विश्रांती झाली की पुढच्या १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते. आता गोम अशी की ते १४ तास ड्युटीवर आल्याबरोबर सुरू होतात आणि तू गेटवर उभा असलास तरी ते पळतच राहतात, म्हणजे माल भरायला ६ तास गेले तर चालवायला ८ उरले, पैसे किलोमीटरचे, म्हणजे दुसऱ्याच्या गोदामाने तुझी मजुरी खाल्ली. वर तिथल्या १९३८ च्या कामगार कायद्यात राज्याबाहेर माल नेणाऱ्या ड्रायव्हरना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलंय. युरोपात दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, आणि दोन आठवडे मिळून ९० च्या वर जायचं नाही. युरोपच्या त्याच २००६ च्या नियमात असंही लिहिलंय की किती अंतर कापलं, किती लवकर पोचवलं यावर असा मोबदला द्यायचा नाही ज्याने रस्त्यावर धोका होईल. कोणीतरी शहाण्या माणसाने लिहिलंय ते. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं घालून दिलं होतं. पण कायदा कुठलाही असो, पैसे फक्त ट्रिपवर असले की तो मोडायला ड्रायव्हरच आधी तयार होतो, मालकाला तोंडाने सांगावंही लागत नाही. आणि शरीराला कायदा बियदा कळत नाही. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची रिअ‍ॅक्शन रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंद होते, हे मोजून झालेलं आहे, आणि कितीतरी देशांत तेवढ्यावर लायसन्स जातं. पहाटे दोन ते पाच तर डोळे उघडे ठेवून झोपतो आपण. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंद डुलकी लागली की ६६ मीटर गाडी कोणी चालवतच नव्हतं.

आता कंपनीत लागायचा सगळ्यात मोठा फायदा, जो स्वतःची गाडी घेतल्याशिवाय कळत नाही. गाडी बिघडली तर ती तुझी नसते. दुसऱ्या कंपनीत असताना एका चढावर लोडसकट गिअरबॉक्स गेला, चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना असा आवाज आला जसं पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवलेत, आणि नंतर कुठलाच गिअर पडेना. गाडी कडेला घेतली, इंडिकेटर चारी लावले, मागे लांब त्रिकोण ठेवला, चाकांना दगड लावले, ऑफिसला फोन केला आणि केबिनमध्ये जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी, आला, माझा ट्रेलर त्याला जोडला, मी पुढे निघालो. पगार पूर्ण मिळाला, भत्तासुद्धा. तेच पुढे स्वतःच्या गाडीचं इंजिन उघडायला लागलं तेव्हा गाडी १९ दिवस गॅरेजला, मी रोज तिथे डबा उलटा करून त्यावर बसलेलो, आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला ठणठणीत कापला गेला. त्याला इंजिनशी काय देणंघेणं. मित्र तुला हे सांगणार नाही कारण त्याने गाडी घेतलेली नाही, बघितली आहे फक्त.

शिवाय डिझेल, टायर, इन्शुरन्स, टॅक्स, फिटनेस, परमिट, नवीन गाड्यांना धूर साफ करायला युरिया लागतो तो, सगळं कंपनीच्या डोक्यावर. युरिया संपला तर गाडी आपोआप पॉवर कमी करते, चढावर माणूस चालत पुढे जाईल अशी चालते. परतीचा माल नाही मिळाला आणि गाडी रिकामी आणली तर ते डिझेलही कंपनीचं. आणि भाड्याची बिलं वेळेवर येत नाहीत, हे तर मालक-चालकाचं रोजचं रडगाणं, माझी एकेक बिलं दोन दोन महिने अडकलेली असायची आणि पंपावर मात्र रोख. कंपनी ते अंगावर घेऊ शकते कारण तिच्याकडे शंभर गाड्या आहेत, एक उभी राहिली तरी नव्व्याण्णव फिरतायत. तुझ्याकडे एकच असेल, आणि ती उभी म्हणजे तुझा सगळा धंदाच उभा.

पण या सुखाची किंमत म्हणजे तुझ्या वतीने हो आणि नाही दुसराच कोणीतरी म्हणतो. कुठला माल, कुठला रस्ता, किती वाजता, सणावाराला घरी की गाडीत, हे ठरवणार ऑफिसातला गाड्या लावणारा माणूस. या माणसाशी तुझं जमलं तर नोकरी बरी, नाही जमलं तर मालक देवमाणूस असला तरी उपयोग नाही कारण मालक तुला वर्षातून एकदा भेटतो आणि हा रोज. मी एक अनुभव सांगतो. पहिल्या कंपनीत पहाटे गाडी काढायच्या आधी ब्रेकची हवा तपासत होतो, तू पण तशीच तपासायची, हवेच्या टाक्या पूर्ण भरायच्या, इंजिन बंद, चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडायचा, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा आणि एक मिनिट सुईकडे बघत राहायचं. अमेरिकेत लायसन्सच्या परीक्षेत ट्रेलर जोडलेल्या गाडीचा हवेचा दाब मिनिटाला ४ पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर उतरला तर नापास करतात. माझी सुई डोळ्यादेखत १० च्या पुढे उतरली, मागून कुठूनतरी फुस्स येत होतं. गाड्या लावणाऱ्याला फोन केला तर म्हणे सोड गाडी, आल्यावर बघू, पार्टी (मालवाला गिऱ्हाईक) बोंबलतेय. मी नाही काढली. ट्रेलरच्या मागच्या एक्सलच्या ब्रेक चेंबरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला निघाला, तासाभराचं काम होतं. त्यानंतर दोन दिवस मला लोडच दिला नाही, "बघतो, आला की सांगतो" एवढंच, आणि किलोमीटर नाही तर पैसे नाही, म्हणजे न बोलता शिक्षा. पुढच्या कंपनीत हीच गोष्ट झाली तेव्हा तिथला माणूस म्हणाला हलवू नकोस, फिटर पाठवतो, आणि थांबलेल्या वेळाचे पैसे तिथे लागायचेच. चाक थांबल्यावर कंपनीच्या खिशाला चाट बसत असेल तरच तिला गाडी नीट ठेवायची, गेटवर भांडायची अक्कल येते, तुझ्याच खिशाला बसत असेल तर तिला कशाला घाई.

डिझेल अ‍ॅव्हरेजचा बोनस हा पण एक प्रकार आहे. चांगला वाटतो, अमुक अ‍ॅव्हरेज दिलं की महिन्याला एवढे जास्त. संयमाने चालवणाऱ्याला खरंच मिळतात, मी वर्षानुवर्षं घेतलेत, गिअर योग्य आरपीएमला बदलायचा, पुढचा सिग्नल लांबून बघून पाय काढायचा, टायरची हवा दर आठवड्याला बघायची. पण काही पोरं त्यापायी उतारावर गाडी न्यूट्रल करतात. हे कधीच करायचं नाही, कधीच म्हणजे कधीच नाही. न्यूट्रलला इंजिन गाडीला रोखून धरतं ते जातं, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात आणि तेव्हा गिअर टाकायला गेलास तर पडत नाही. स्पीड दुप्पट झाला की थांबवायला चौपट जोर लागतो, आणि गंमत म्हणजे आताच्या इंजिनांत गिअरमध्ये पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतं. म्हणजे वाचत पण काही नाही.

कॅमेरा आणि जीपीएसबद्दल पोरं फार कुरकुर करतात. केबिनच्या आत तोंडावर कॅमेरा लावलेला मलाही आवडत नाही, माणूस आहे, नाकात बोट घालेल. जोरात ब्रेक मारला की ऑफिसात घंटा वाजते आणि पुढे कुत्रं आडवं आलं होतं की काय हे कोणी विचारत नाही. पण बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या मी बाजूने आहे. एकदा एक कार माझ्या डाव्या बाजूने, जिथे आरशात काहीच दिसत नाही तिथून घुसली आणि बंपरला घासली, रस्त्यावर शंभर माणसं जमली आणि सगळ्यांचा निकाल ठरलेला, मोठ्या गाडीची चूक. कॅमेऱ्याने मला सोडवलं. लहान मालकांकडे हे नसतं, तिथे तू आणि जमाव.

कंपनी म्हणजे सगळीकडे एकच काम असं नाही. ठरलेला रूट असेल, या गोदामातून त्या गोदामात, ट्रेलर सोडला दुसरा जोडला की निघाला, तर ते सोनं आहे, कंटाळवाणं पण सोनं, कारण थांबणं कमी आणि झोपेची वेळ ठरलेली. शहरातलं डिलिव्हरीचं काम म्हणजे रोज घरी, पण दिवसाला पंधरा वेळा गाडीतून उतर-चढ, अरुंद गल्लीत रिव्हर्स, आणि बऱ्याच ठिकाणी माल पण तूच उतरवायचा, गुडघे जातात. लांब पल्ल्याला किलोमीटर जास्त, घर कमी. टँकर नवीन माणसाने घेऊ नये असं माझं मत, अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर थांबतो आणि मग आतलं पाणी पुढे येऊन त्याला परत ढकलतं, वळणावर तर ते बाजूला चढतं आणि गाडी घेऊन झोपतं. उघड्या ट्रेलरवर लोखंड, कॉइल, मशिनरी असेल तर पैसे बरे पण बांधणी तुझ्या जिवाची. हिशेब लक्षात ठेव, बांधणी अशी पाहिजे की मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या बाजूला आला तरी माल सरकता कामा नये, बाजूला आणि मागे निम्मा. म्हणजे २० टनांच्या कॉइलला पुढे १६ टन. चेन लावणाऱ्याने "बसलंय हो" म्हटलं की बसत नाही ते. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून परत आवळायचं, कारण माल हलून बसतो आणि पट्टे सैल होतात. चाक बदललं असेल तर नटांचंही तेच.

कागदांचं पण सांगून ठेवतो कारण नवीन पोरं इथेच फसतात. बंद कंटेनर मिळाला, सील लावलेलं, आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या कागदावर, लिहिलंय ४१२ बॉक्स. तू मोजलेस का? नाही. मग सही करताना लिहायचं "माल मोजलेला नाही, सील बघून ताब्यात घेतलं" आणि सीलचा नंबर टाकायचा, फोटो काढायचा. नाहीतर तिकडे ४०९ निघाले की तीन बॉक्स तुझ्या पगारातून. कंपनीला मोठ्या पार्टीशी भांडायचं नसतं, तू स्वस्त पडतोस. तसंच गेटवर आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ पावतीवर लिहून घ्यायची, शिक्का मारून. वॉचमन म्हणेल काय गरज आहे. गरज आहे! थांबल्याचे पैसे देणारी कंपनीसुद्धा पुराव्याशिवाय देत नाही, कारण तीही पुढे पार्टीकडून तेच मागणार असते. मी एका ठिकाणी संध्याकाळी सातला आत गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सुटलो, १९ तास, आणि पावतीवर वेळ दुपारी बाराची पडलेली कारण कागद तेव्हा टेबलावर गेला. दोन तास मोजले. बाकीचे १७ गेले पाण्यात, आणि चूक माझीच, सातला शिक्का मागायला लाज वाटली होती.

दोन गोष्टींपासून जपून राहा. एक, बॉण्ड. आम्ही ट्रेनिंग देतो, दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर एवढे भरा. ट्रेनिंग खरं असेल तर हरकत नाही, पण आठवडाभर यार्डात गाडी पुढे-मागे करून घेतली त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, आणि मध्येच कंपनीनेच काढलं तर पैसे कोण भरणार ते वाच. दुसरी, "गाडी तुझ्या नावावर होईल, भाड्यातून हप्ता कापू" ही स्कीम. लोड देणारा तोच, भाडं ठरवणारा तोच, हप्ता कापणारा तोच आणि दुरुस्ती मात्र तुझी. म्हणजे मालकाचे सगळे खर्च आणि नोकराचं सगळं ऐकणं एकाच माणसाच्या गळ्यात. शेवटच्या वर्षाला लोड कमी व्हायला लागतात आणि हप्ते थकले की गाडी परत त्यांच्याकडे. सगळ्यांचं असं होतं म्हणत नाही, पण मी ओळखीतले चार जण यात बुडालेले पाहिलेत आणि तरलेला एक.

शरीराचं थोडक्यात सांगतो, कारण २७ व्या वर्षी कोणी ऐकत नाही. कंबर जाते ती बसून नाही, धक्क्यांनी जाते, म्हणून हवेची सीट चालू असलेली गाडी मिळत असेल तर किलोमीटरला थोडे कमी घे पण ती घे. केबिनमधून उडी मारायची नाही, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेले, उडी मारून घोटा मोडलेले मी जास्त पाहिलेत अ‍ॅक्सिडेंटपेक्षा. वजन, शुगर, बीपी हे या धंद्यात मागे लागतातच. रात्री जोरात घोरत असशील आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरला दाखव, झोपेत श्वास अडकत असतो. आणि खिडकीकडच्या बाजूचं ऊन. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात ६९ वर्षांच्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवलेला, खिडकीकडची डावी बाजू अशी सुरकुतलेली जशी दुसऱ्याच म्हाताऱ्याची, उजवी बाजू त्या मानाने तरुण. बंद काचेतून आलेल्या उन्हाने कातडी लाल होत नाही पण त्यातले काही किरण आत येतातच. मी तो फोटो पाहिला त्या दिवसापासून बाहीचा शर्ट घालतो.

घरचं म्हणशील तर, मोठी कंपनी असली तर सुट्टी कागदावर लिहिलेली असते, विमा, फंड असतो, आजारी पडलास तर गाडी दुसरा घेऊन जातो. लहान मालकाकडे हे काही नसतं पण तो फोन उचलतो, बापाला दवाखान्यात न्यायचंय म्हटलं तर गाडी वळवून घे म्हणतो, मोठ्या कंपनीत त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्ज मंजूर होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. माझ्या मुलीच्या पहिल्या तीन वाढदिवसांपैकी मी एकालाच घरी होतो. सवय होते असं लोक म्हणतात, बायकोला विचारलंस तर ती वेगळं सांगेल. म्हणून लग्न झालं असेल किंवा ठरत असेल तर ठरलेल्या रूटचीच नोकरी माग, पैसे कमी असले तरी.

तर तुझं काय करायचं. लायसन्स दोन महिन्यांचं आहे, आता लोनवर गाडी घेऊ नकोस. कंपनीत लाग, दोन वर्षं त्यांच्या टायरवर, त्यांच्या डिझेलवर, त्यांच्या क्लचप्लेटवर शिक. पहिल्या वर्षी प्रत्येक जण काहीतरी ठोकतो, खांब, गेट, दुसऱ्याचा आरसा, ते त्यांच्या इन्शुरन्सवर होऊ दे, फक्त नुकसानीची कपात किती आणि कशाची ते आधी विचारून घे. त्या दोन वर्षांत डायरी ठेव माझ्यासारखी, कुठल्या मालाला किती थांबावं लागतं, कुठल्या रूटला परतीचा माल मिळतो, कुठली पार्टी वेळेवर खाली करते. दोन वर्षांनी गाडी घ्यावीशी वाटलीच तर ती डायरी बँकेच्या कागदांपेक्षा जास्त कामाला येईल, आणि नाही वाटली तर पगार चालूच आहे.

जायच्या दिवशी एक तास लवकर जा आणि ऑफिसात न जाता आधी यार्डात फिर. उभ्या गाड्यांचे मागचे टायर बघ, पुढचे सगळेच चांगले ठेवतात, मागच्या जोडीतला आतला टायर वाकून बघ, गुळगुळीत असेल तर समजून जा. केबिनमध्ये डोकावून सीट बघ. मग सावलीत बसलेला एखादा ड्रायव्हर गाठ आणि त्याला पगार विचारू नकोस, खोटं सांगेल. विचार की मागच्या आठवड्यात सगळ्यात जास्त कुठे थांबावं लागलं आणि त्याचे किती मिळाले. तो आकडा सांगायला लागला तर आत जा. नुसता हसला तरी जा, पण मग तुझा पहिला प्रश्न किलोमीटरचा नसू दे.